‘पर्याय नसेल तर’ म्हणजे कोणासाठी?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. मग सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने? दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात सोडून! त्या पाण्याचा नमुना आज प्रयोगशाळेत दिला तर विटाळ सापडेल, पण तो शेणाचा. मनुवादी शुद्धतेत तपासणी पाण्याची नसतेच, माणसाच्या जातीची असते.

१७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. पण १९२३ चा बोले ठराव मुंबई इलाख्याचा होता. आपले यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे इथल्या विहिरींना तो लागूच नव्हता. सार्वजनिक पाणवठ्यांवर सर्वांचा हक्क संविधानाच्या कलम १५(२) ने आला.

पुढे मोजपट्टी बदलली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, १९७४ ला केंद्राचा आला. पाण्याला कोण शिवले हे हा कायदा विचारत नाही. पाण्यात काय आहे, ते विचारतो. मित्रहो, ही मोजपट्टी आपली आहे. म्हणूनच तिच्यातली पळवाट नीट वाचा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसेल तर १.५ चालते. आता सांगा, पर्याय कोणाला नसतो? पांढरकवडा, झरी जामणी भागात भूजलात फ्लोराइड आहे. ते खडकातून येते, उकळून जात नाही. दात आणि हाडे मात्र खराब करते. ज्याच्या घरी फिल्टर आहे, त्याला ही सवलत लागत नाही. ती लागू होते कोलाम पोडावरच्या आणि आपल्या वस्तीतल्या हातपंपाला. तिथे जात विचारायची गरजच उरत नाही.

हातपंपाला पर्याय म्हणजे नळाने आणलेले नदीचे पाणी. आणि नदी कोणती? वणी भागात वर्धेच्या खोऱ्यात कोळसा खाणी आहेत. खाणीतून नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. ही मोजणी प्रत्येक खाणीच्या सांडपाण्यावर वेगळी होते. दहा खाणी मर्यादेत राहिल्या, तरी दहांची बेरीज नदीतच जाते.

ग्रामसभेत नळयोजना मंजूर होताना पाइपाची लांबी विचारली जाते. पाणी कुठून उचलणार आणि त्या ठिकाणचा तपासणी अहवाल कुठे आहे, हे आपण विचारायचे. लेखी.