आगंतुकांचा नाट्योत्सव

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता इंग्लंड-स्कॉटलंडात स्थायिक झाली आहेत आणि आपणही उन्हाळ्यात तिकडे जाऊन येता. ऑगस्टमध्ये एडिंबरास जाण्याचा योग आला, तर तिथला 'फ्रिंज' नाट्योत्सव अवश्य पाहा. मात्र त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर ती नुसती गर्दीची जत्रा वाटेल. म्हणून आधी इतिहास सांगतो.

महायुद्ध संपून दोन वर्षे झाली तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होते. अशा काळात, १९४७ साली, एडिंबरात आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरला. त्यामागे पुढाकार होता व्हिएन्नात जन्मलेल्या आणि नाझींमुळे ब्रिटनमध्ये आलेल्या रुडॉल्फ बिंग यांचा. ब्रूनो वॉल्टर आणि त्यांच्यापासून दुरावलेला व्हिएन्नाचा वाद्यवृंद तिथे पुन्हा एकत्र आले. नाटकांसाठी लंडनची 'ओल्ड व्हिक' आणि फ्रान्सहून लुई जुवे यांची मंडळी आली. उत्सव स्कॉटलंडात, पण निमंत्रितांत स्कॉटिश नाटक मंडळी एकही नव्हती.

तेव्हा आठ मंडळ्या आमंत्रणावाचून आल्या. त्यांतल्या सहा स्कॉटिश होत्या, दोन इंग्लिश. कामगारवर्गातून उभ्या राहिलेल्या ग्लासगोच्या 'युनिटी थिएटर'ने गॉर्कीचे नाटक केले. 'एव्हरीमॅन' हे मध्ययुगीन नीतिनाट्य तर फोर्थ खाडीपलीकडे, डनफर्मलिनच्या जुन्या मठात झाले. उत्सवासाठी प्रेक्षक गोळा झालाच आहे, तो आपल्याकडेही वळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने या नाटकांविषयी लिहिताना 'फ्रिंज', म्हणजे किनार किंवा झालर, हा शब्द वापरला आणि तो कायमचा चिकटला. योगायोग असा की, त्याच १९४८ साली केम्प यांनीच रंगावृत्ती केलेले एक जुने स्कॉटिश नाटक मुख्य महोत्सवात आले.

या आगंतुकांची संस्था १९५८ साली स्थापन झाली. संस्थेने नाटकांची निवड करायची नाही, हे तिचे मूळ तत्त्व ठरले आणि ते आजही पाळले जाते. जागा मिळवली, नोंदणीचे पैसे भरले की कोणीही नाटक करावे. चर्चची सभागृहे, शाळा, तळघरे, पबमधल्या मागच्या खोल्या, सगळीकडे रंगमंच उभे राहतात. २०१९ साली तिथे ३,८४१ वेगवेगळी सादरीकरणे झाली आणि तीस लाखांहून अधिक तिकिटे खपली.

आता पाहावे कसे? निवड कोणीच केलेली नसते, म्हणून ती आपल्यालाच करावी लागते. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी टॉम स्टॉपर्ड या नवख्या लेखकाचे नाटक तिथे केले. बहुतेक समीक्षकांना ते रुचले नाही. एका समीक्षकाने मात्र मनापासून दाद दिली आणि पुढल्याच वर्षी ते नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. तेव्हा नामवंतांचा एखादा प्रयोग जरूर पाहा, पण एक तरी तिकीट अनोळखी मंडळीचे काढा. रॉयल माइल या रस्त्यावर नटच हातात पत्रके देतात, त्यांच्याशी बोला आणि मग ठरवा. बहुतेक प्रयोग तासाभराचे असतात, म्हणून दिवसाला सहा पाहण्याचा मोह होतो. एकामागून एक रोगी तपासले की शेवटच्याचे ऐकणे राहून जाते, हे कोणीही डॉक्टर सांगेल. नाटकांचेही तसेच असते, दिवसाला तीन पुरेत. दोन जागांमध्ये चढ-उतार असतो, तेव्हा चालायला वेळ ठेवा. आम्हा जैनांचीही गैरसोय नाही, कारण तिथे ऑगस्टमध्ये सूर्य रात्री आठनंतरच मावळतो!

मात्र या उघड्या दारालाही उंबरठा आहे. जागेचे भाडे आणि ऑगस्टमधले राहण्याचे दर एवढे चढतात की अनेक मंडळ्या पदरचे पैसे घालून परततात. मोफत प्रयोगांच्या शेवटी बादली फिरते. तीत तिकिटाएवढे पैसे टाकणे हा रसिकाचा धर्म होय.

आपल्यालाही हे नवे नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांना घर दिले. गोव्यात देवळांच्या जत्रा-उत्सवांत गावकरी आजही स्वतः मराठी नाटके उभी करतात. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे तर स्वतःच किनारीवरची. मोठ्या मंडळींचा दौरा कधी येईल आणि नाट्यगृह कधी परवडेल, याची वाट पाहत आपल्या गावातील हौशी मंडळी एकेक करून थांबली, तर इथल्या मुलांना मराठी नाटक पडद्यावरच दिसेल. शाळेचा एखादा वर्ग, देवळाची ओवरी किंवा वाचनालयाची खोली आपल्याकडे आहेच. कोणी तिथे प्रयोग लावला, तर त्या दिवशी तिकीट काढून पुढच्या रांगेत बसा.