कागद वाचता यावा म्हणून

जुन्नर हे कागदाचे गाव. येथील कागदी मुसलमानांनी हाताने बनविलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या कारभारात वापरला जाई. पण कागद बनविणे वेगळे आणि त्यावरचे वाचता येणे वेगळे. वाचता न येणाऱ्या रयतेला सावकाराचे खत म्हणजे गळफासच होता. पुढे याच जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्यांनी खतफोडीचा लढा पुकारला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

त्याआधी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिले होते. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, नीती आणि आरोग्य शिकवावे, असे त्यांनी मांडले. सरकारी शाळा कशासाठी, याचे इतके रोखठोक उत्तर आजही क्वचितच मिळते. त्याच आयोगाने मुसलमान मुलांसाठी हिंदुस्थानी माध्यम सुचविले; मात्र समाजाला दुसरी भाषा हवी असेल तेथे ती वाटही मोकळी ठेवली.

१९५६ मध्ये संविधानात आलेल्या अनुच्छेद ३५० क ने अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांवर सोपविली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सर्वांगीण विकास, भयमुक्त शिक्षण आणि शक्य तेथवर मातृभाषा ही ध्येये लिहून ठेवली.

आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांपुढे या ध्येयांची रोज परीक्षा असते. मुलाच्या घरी दखनी, पुस्तकात उर्दू, आणि बाजारात, तलाठ्याकडे, दवाखान्यात मराठी. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील ठाकर, महादेव कोळी मुलांचीही घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांत अशीच ओढाताण होते. मराठीचे 'सुलभभारती' हे एकच पुस्तक हाती घेऊन आमचा विद्यार्थी पुढे मराठी माध्यमाच्या वर्गात जातो आणि गप्प होतो. मुलगी असेल तर हे गप्प होणे अनेकदा शाळा सुटण्यावरच थांबते.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. कायद्याने तासिका मिळते. जीव ओतायचा तो शिक्षकाने आणि पालकाने. उर्दू ही आमच्या मुलांची ओळख आहे, मराठी ही त्यांची भाकर आणि शेजार आहे. दादीचे उर्दू पत्र आणि बापाचा सातबारा, दोन्ही ज्या मुलीला अडखळता वाचता येतील, तिच्यापुरते तरी जोतीरावांचे निवेदन मंजूर झाले, असे आम्ही समजू.