मागच्या बाकावर मुख्याध्यापिका

विदर्भात 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा, बस्स. तिथे नन असाव्यात, शेजारी चर्च असावं अशी काही अट नाही. दोन खोल्यांच्या नर्सरीवरही देवाच्या नावापुढे 'कॉन्व्हेंट' जोडलेली पाटी दिसते. त्यामुळे खऱ्याखुऱ्या कॅथलिक मिशनची प्राथमिक शाळा कमजोर असू शकते, हे आमच्याकडे कुणाला पटतच नाही.

माझी मावशी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेची मुख्याध्यापिका झाली तेव्हा पट घसरत चालला होता आणि चौथीतल्या निम्म्या पोरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून तिने माझ्याकडे ॲप मागितलं. दर आठवड्याला चाचणी घ्यायची, गुण भरायचे आणि कुठल्या बाईंचा वर्ग लाल, कुठल्या बाईंचा हिरवा ते बघायचं. दोन रविवारांचं काम. पण अशा तक्त्याने शाळा सुधारते का, हे आधी बघावं म्हणून वाचायला लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पडलो.

कारण हा प्रयोग होऊन गेलाय, तोही सरकारी खर्चाने. १८६२ साली इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांचं अनुदान निकालाला बांधलं गेलं. निरीक्षक यायचा, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासायचा. जितकी पोरं पास, तितके पैसे. अनुदान घेणाऱ्या कॅथलिक शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. मॅथ्यू अर्नॉल्ड हा नावाजलेला कवी पोटापाण्यासाठी शाळा निरीक्षक होता आणि त्याने या पद्धतीला उघड विरोध केला. शिकवणं यांत्रिक होतं, पोरं पुस्तक समजून घेण्याऐवजी पाठ करतात, हे तो वर्गात बसून बघत होता. आमच्या धंद्यात याचं नवल वाटणार नाही. 'किती बग बंद केले' यावर बोनस ठेवून बघा, लोक सोपे बग वेचतात आणि अवघड तसेच राहतात.

तरी त्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यात आली आणि पुढे १८८२च्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणासाठी तिचीच शिफारस केली. ती सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. आपण ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी लक्षात ठेवतो. त्यातला तपासणीबद्दलचा भाग मला जास्त कामाचा वाटला. अधिकारी वर्षातून एकदा शाळेत डोकावतो त्याचा उपयोग शून्य, निदान दर तिमाहीला यावं, आणि मधूनमधून न सांगता यावं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक शक्यतो शेतकरी घरांतले घ्या, म्हणजे ते गावात मिसळतील, लोकांच्या गरजा त्यांना कळतील, हेही त्यातच आहे. (ज्यांची जास्त पोरं पास होतील त्यांना पगारावर थोडा भत्ता द्यावा, असंही ते सुचवतात. त्या काळाची हवाच तशी होती.)

फुल्यांचा दुसरा मुद्दा यवतमाळात आजही लागू आहे. मावशीच्या पहिलीतली निम्मी पोरं तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. काही कोलाम पोडांवरून येणारी, त्यांची भाषा कोलामी. मैदानात मराठी, फळ्यावर इंग्रजी. सहा वर्षांच्या पोराला एका सकाळी तीन भाषा ओलांडाव्या लागतात आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे फक्त लाल ठिपका पडतो.

गंमत म्हणजे कॅथलिक परंपरेत याचं उत्तर या सगळ्याच्या आधीपासून होतं. जेझुइटांनी १५९९ साली आपल्या शाळा-कॉलेजांसाठी नियमावली काढली, 'राशिओ स्टुडिओरम'. ती लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी होती, बाराखडी गिरवणाऱ्यांसाठी नव्हे. तिच्यात शाळा बघणाऱ्या प्रमुखासाठी एक साधा नियम आहे: निदान दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात बसून त्याचं शिकवणं ऐकायचं. शिवाय नव्याने शिकवायला लागणाऱ्यांनी एका मुरलेल्या शिक्षकाच्या हाताखाली शिकवून दाखवायचं, लिहून दाखवायचं, चुका दुरुस्त करायच्या. आम्ही ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतो, ते हेच.

आपल्याकडे अलीकडे हे करून दाखवलं ते सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने. जिल्हा परिषदेच्या चाळीसएक शाळा, आणि विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे. विस्तार अधिकारी म्हणजे तपासणीला येणारा माणूस. तो यायचा म्हटलं की वह्यांना कव्हरं चढतात. भराडे मात्र शिक्षकांसोबत वर्गात बसल्या, मूल कसं शिकतं यावर त्यांच्याशी बोलत राहिल्या. पोरं गटात बसू लागली, काड्या-मण्यांनी गणित करू लागली, जमिनीवर आखलेल्या चौकटींत खेळत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला येऊ लागले. २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्याआधीची ही गोष्ट.

पुढे मी आमच्या भागातल्या काही शाळांत बघितलं, जमीन रंगवलेली आहे आणि पोरं भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणताहेत. रंग कॉपी-पेस्ट होतो. वर्गात सोबत बसणारा माणूस होत नाही.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बसीन रे वर्गात, पण वेळ कुठून आणू?" तिचा मुद्दा खरा होता. मुख्याध्यापकाचा दिवस माहिती भरण्यात जातो: पट, पोषण आहार, आधार, शिष्यवृत्ती, तोच आकडा चार ठिकाणी. मग लाल-हिरव्या तक्त्याऐवजी मी तिला एक स्प्रेडशीट करून दिली. आकडा एकदा भरायचा, बाकीचे तक्ते आपोआप तयार. रोजचा पाऊण तास सुटला.

त्या पाऊण तासात ती चौथीच्या मागच्या बाकावर बसते. तिसरीच्या बाईंनाही सोबत नेते, तेवढ्यात त्यांचा वर्ग दुसऱ्या बाई बघतात. पहिले दोन आठवडे चौथीच्या बाई घामाघूम व्हायच्या. मग मावशीने स्वतः एक तास घेतला, तो सगळ्यांसमोर फसला, आणि वातावरण जरा सैल झालं. हातच्याचं कोडं तिसरीच्या बाईंनीच सोडवलं. पोरं अडत होती ती 'दशक सुटा करा' या शब्दांवर. आता दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या आहेत. सुटे कमी पडले की पोरगं पुरचुंडी सोडतं आणि शेजारच्याला गोरमाटीत समजावून सांगतं. मावशीला ते कळत नाही. चौथीच्या बाईंना थोडं थोडं कळायला लागलंय.