देवालयाचा प्राकार : गोमंतकाचे पहिले नाट्यगृह

गोमंतकातील मराठी रंगभूमीचा इतिहास देवालयाच्या प्राकारातून सुरू होतो. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले आणि १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, ह्या घटना सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून गोमंतकातील जत्रांतून दशावतारी काला होत आला होता. पुढे संगीत नाटकाची गोडी ह्या भूमीत पसरली, तेव्हा तिला सिद्ध रंगस्थळ आणि सिद्ध प्रेक्षकवर्ग देवळांतच लाभला.

पालखी देवळात परतून आरती झाली की प्राकारात फळ्यांचा मंच उजळत असे. रंगविलेले पडदे, गॅसबत्त्यांचा प्रकाश, पायपेटी व तबला एवढ्या सामग्रीवर नांदी सुरू होई आणि भरतवाक्य म्हणेतो पहाट होई. पात्रे गावचीच : कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी कचेरीतील कारकून. स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. उत्सवी नाटकास तिकीट नसे. देवदर्शनास आलेला प्रत्येक जण प्रेक्षक होई. सोळाव्या शतकात मडगावहून जांबावलीस स्थलांतरित झालेल्या श्री दामोदराच्या शिगमोत्सवात मडगावकर मंडळी गुलालाबरोबर नाटकेही घेऊन जात आली, हे ह्या परंपरेचे ठळक उदाहरण होय. सालाझारच्या राजवटीत नाटकाची संहिता आगाऊ सेन्सॉरकडे धाडावी लागे. तरीही उत्सवी नाटक खंडित झाले नाही. त्यायोगे मराठी भाषा पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीयांच्या कानी व ओठी राहिली.

ह्या यशात वाटेकरी असलेल्या, पण मानात मागे राहिलेल्या एका वर्गाचे ऋण येथे नमूद करणे अवश्य आहे. देवळात गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांनीच महाराष्ट्राच्या रंगभूमीस व संगीतास थोर कलाकार दिले. मंगेशी येथे १९०० साली जन्मलेल्या मास्टर दीनानाथांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी उभारली. कुर्डीच्या मोगूबाई बालपणीच नाटकमंडळीत उभ्या राहिल्या व पुढे गानतपस्विनी म्हणून मान्यता पावल्या. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात भूमिका करून कुलीन स्त्रियांना रंगमंचाची वाट मोकळी करून दिली. देवस्थानांचा कारभार मात्र महाजनांच्या हाती राहिला. १९३३ साली झालेल्या मझानियांच्या नियमावलीनेही हीच व्यवस्था कायम ठेवली. ज्यांच्या कंठाने उत्सव साजरे झाले, त्यांची गणना सेवेकऱ्यांत झाली. महाजन कुळांनी हा इतिहास संकोच न धरता पुढील पिढीस सांगावा, हेच उचित.

मुक्तीनंतर परिस्थिती पालटली. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली आणि १९८३ साली मांडवीच्या तीरावर, कांपाल येथे, वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी योजिलेली तिची वास्तू उभी राहिली. तेथील मुख्य नाट्यगृहास मास्टर दीनानाथांचेच नाव लाभले. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्जांत बसलेले गोमंतकीय प्रेक्षक रंगविले. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांतून खेडोपाडीच्या हौशी मंडळ्या राजधानीच्या रंगमंचावर आल्या. पुढे मडगावास रवींद्र भवन व फोंड्यास राजीव गांधी कलामंदिर झाले.

ह्या भव्य वास्तू भूषणावहच आहेत. पण मोठी वास्तू दुरुस्तीसाठी बंद झाली की मंडळ्यांची कशी अडचण होते, हे २०२१ ते २०२३ ह्या काळात कांपालच्या नाट्यगृहाबाबत सर्वांनी अनुभवले. प्राकारातील फळ्यांचा मंच एका दिवसात उभा राहतो. गावच्या मुलास पहिले वाक्य निर्भयपणे बोलण्याची संधी तेथेच मिळते, आणि त्याची आजी पहिल्या रांगेत बसलेली असते. नाट्यगृहे वाढोत, परंतु उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतील नाटकाची ओळ पुसली जाऊ नये, ह्याची जबाबदारी ज्या त्या देवस्थानच्या महाजनांचीच आहे. दीनानाथांचे नाव लाभलेल्या त्या नाट्यगृहाची मुळे देवळाच्याच अंगणात आहेत.