खानदेशी दाण्याची गोष्ट

अमळनेर म्हटले की बाहेरगावचे लोक आधी शेअरची चौकशी करतात. साने गुरुजी, प्रताप हायस्कूल, तत्त्वज्ञान मंदिर ही नावे नंतर. कुणाच्या आजोबांनी विप्रोचे शेअर पेटीत जपून ठेवले आणि नातू करोडपती झाले, कुणी ते मुलीच्या लग्नात विकून टाकले. अशा कथा इथे चहासोबत मिळतात. या साऱ्या कथा भुईमुगाच्या जमिनीतून उगवल्या, हे सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी काढली. तांदळाच्या व्यापारात नाव कमावलेल्या या माणसाने कारखान्यासाठी अमळनेर निवडले. आसपास भुईमुगाची शेते होती आणि माल न्यायला सुरत-भुसावळ रेल्वे. शेंगदाणा तेलाचे इथे वनस्पती तूप होऊ लागले आणि त्याचे नाव ठेवले ‘सनफ्लॉवर’. तेल शेंगदाण्याचे, नाव सूर्यफुलाचे! तेल शुद्ध करताना जो गाळ उरे, त्यापासून ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण निघाला.

तापवलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखे गोठते. तुपात त्याची भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. या घट्ट तेलातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक, हे पुढे कळले. २०२२ पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

१९६६ साली प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतले शिक्षण सोडून परतला. पुढे कंपनी संगणकाकडे वळली. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

मला ओढ होती ती दाण्याची. म्हणून अमळनेर तालुक्यातले एक शेत पाहायला गेलो. शेतकरी भाऊंनी एक झाड अलगद उपटून हातावर ठेवले. भुईमुगाचे फूल फुलते जमिनीवर, पण ते कोमेजले की त्याखालून आरी सुटते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग भरते. कवीला याहून वेगळी प्रतिमा शोधायला नको. वाण कोणता, असे विचारले तर भाऊ म्हणाले, “आपला जेएल चोवीसच.”

हे ‘जेएल’ म्हणजे जळगाव. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र जळगावला आहे. परदेशातून आलेल्या वाणातून निवड करून तिथे ‘फुले प्रगती’ अर्थात जेएल २४ तयार झाला आणि १९७८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. सुमारे तीन महिन्यांत निघणारा, म्हणून कमी पावसाच्या मुलखाला सोयीचा. पुढे तो आफ्रिकेत गेला. मलावीत त्याला ‘काकोमा’ म्हणतात, झांबियात ‘लुएना’. शेअरची गोष्ट साऱ्या जगाने ऐकली. पण जळगावचा दाणा तिकडच्या गरिबाच्या ताटात पडतो, ही बातमी आपल्याच तालुक्यात पोचलेली नाही. माझ्या लेखी ही मिळकत त्या शेअरांहून लहान नाही.

भाऊंनी मात्र अर्धाच एकर पेरला होता, घरापुरता. बाकी सगळा कापूस. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, २००२ मध्ये बीटी कापूस आला. शिवाय शेंगा तोडायला मजूर मिळत नाहीत आणि रात्री रानडुकरे वावर उकरतात.

तिथून धुळ्याजवळच्या एका तेल गिरणीत गेलो. फोडणी यंत्रातून टरफले उडून एका बाजूला ढीग होत होता, चाळणीवर गुलाबी दाणे नाचत होते. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. एक्सपेलर ते पिळून काढतो आणि दुसरीकडून पेंडीचे पापुद्रे पडतात. ती पेंड दुभत्या जनावरांना जाते. वास इतका खमंग, की दुपारचे जेवण झालेले असूनही भूक लागली.

थप्पीतल्या पोत्यांवर गुजरातच्या बाजारपेठांची नावे होती. “खानदेशी शेंगा?” मी विचारले. मालकांनी कोपऱ्यातली चार पोती दाखवली. ती बियाण्यासाठी राखली होती, विकायची नव्हती.