पादत्राण-निर्मितीतील धोकादायक हस्तकाम आणि यांत्रिकीकरण : कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पादत्राणांच्या कारखान्यांत तळाला गोंद लावण्याचे काम आता कॅमेऱ्याच्या साहाय्याने चालणारे यंत्रमानव करू लागले आहेत. मलकापूरसारख्या कोल्हापूर जिल्ह्यातील गावांना चर्मकाराचा व्यवसाय परिचित आहे. या चर्मकाराच्या दृष्टीने सदर बदलाचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राची वाटचाल :
१८८३ मध्ये अमेरिकेतील लिन येथे जॅन मॅट्झेलिगर यांनी बुटाचे वरचे चामडे साच्यावर ताणून तळाला जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. कुशल कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड करीत असे. यंत्राने ही संख्या कित्येक पटींनी वाढविली. येथे हेतू वेगाचा होता. आरोग्याचा प्रश्न पुढे तीव्र झाला, तो रासायनिक गोंदामुळे. इस्तंबूल येथील डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये पादत्राण-कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचा गोंदातील बेंझिनशी असलेला संबंध मांडला. यंत्रमानवाचे खरे महत्त्व येथे आहे. कॅमेरा तळाचा आकार टिपतो, संगणक मार्ग आखतो, यांत्रिक हात गोंद फवारतो आणि कामगार वाफेपासून दूर राहतो.

कोल्हापुरी चपलेचे वेगळेपण :
परंपरागत कोल्हापुरी चपलेत गोंद नाही, खिळाही नाही. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे तळ, टाच, कान व पट्टे चामड्याच्या वादीनेच शिवले जातात. म्हणजे यंत्रमानव जो धोका टाळतो, तो या परंपरेत मुळातच नाही. येथील धोका कातडे कमावताना वापरावयाच्या चुन्यात, रापी व आरीच्या धारेत आणि तासन् तास वाकून बसण्यात आहे. मात्र घाईच्या उत्पादनासाठी जेथे रासायनिक गोंद येतो, तेथे इस्तंबूलचा धोका थेट घरात शिरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान २० कामगारांची अट आहे. घरी काम करणारे कुटुंब या व्याख्येत बसत नाही.

निष्कर्ष :
२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, हाताला नाही. यंत्र आणण्यापूर्वी धोका नेमका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. कातडे कमावणे व कापणे ही कष्टाची कामे प्रथम यंत्राकडे जावीत. विणकाम कारागिराकडेच राहावे. तसेच ते यंत्र कारागिरांच्या सामूहिक मालकीचे असावे. अन्यथा धोक्याबरोबर त्यांची भाकरीही जाईल.