घोडे गेले, पीट राहिलं

कस्टम्सच्या यादीतला २७०३ हा कोड पाहिलाय कधी? कशाला पाहाल म्हणा! तिथे लिहिलंय: पीट, 'पीट लिटर'सकट. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेलं शेवाळ, नर्सरीवाले कुंड्यांत घालतात ते. आणि लिटर म्हणजे तबेल्यात घोड्याखाली पसरायचा थर. आता गंमत बघा, ही कोडपद्धत लागू झाली १९८८ साली. तोवर शहरांतून गाड्या ओढणारे घोडे केव्हाच गेले होते. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. काढायची हिंमत कुणी करत नाही.

पण त्या एका शब्दात या मालाचा अर्धा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या शहरांत ट्राम ओढायला घोडे, माल ओढायला घोडे. वाळलेलं पीट मूत शोषून घेतं, वासही दाबतं, म्हणून जर्मनी-हॉलंडमधून ते जहाजांनी येऊ लागलं. १८९० च्या दशकात तर डच कामगार यॉर्कशायरमधल्या थॉर्नच्या दलदलीत पीट काढायला आले. अडचण एकच: सुकं पीट म्हणजे नुसता भुसा. जहाज भरतं, वजन काही भरत नाही. म्हणून यंत्रात दाबायचं, लाकडी पट्ट्या लावायच्या आणि तारेने आवळायचं.

पुढे मोटारी आल्या, घोडे गेले आणि पीटचं गिऱ्हाईक बदललं. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेने कुंडीसाठी ७ भाग माती, ३ भाग पीट, २ भाग वाळू असं प्रमाण ठरवलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेलवाल्यांनी मातीच काढून टाकली आणि पीटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट मिसळलं. कुंडी हलकी झाली.

दाबायचं गणित मात्र तेच. अमेरिकेत १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्यानंतर ट्रकवाल्यांनी रेल्वेसारखी मालाची वर्गवारी केली: ५० ते ५०० असे १८ वर्ग, आकडा मोठा तर भाडं जास्त. जुलै २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच मालाला घनतेची १३ पायऱ्यांची शिडी लागली. समजा, ३.८ घनफुटांचा दाबलेला गठ्ठा ६० पौंडांचा आहे. म्हणजे घनफुटाला जवळजवळ १६ पौंड. या शिडीवर तो ७० च्या वर्गात बसतो. तेच पीट मोकळं करून दुप्पट जागेत भरा, घनता ८ च्या खाली येते आणि वर्ग होतो १२५. माल तोच, वजन तेच! (गठ्ठे पॅलेटच्या बाहेर आले तर ती जागाही मोजली जाते, त्यामुळे रचणाऱ्याच्या हातातही पैसे असतात.) पोल्लाचीहून आपल्या बाल्कनीत येणारी कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६० लिटरच्या वर फुगते. युक्ती तीच.

कस्टम्सचं डोकं वेगळं चालतं. पीटमध्ये वाळू किंवा चिकणमाती मिसळली, पण मुख्य गुण पीटचाच राहिला, तर कोड २७०३. कुंडीची तयार माती झाली की ३८२४, म्हणजे थेट रसायनांच्या शेजारी. आणि २७ वं प्रकरण कसलं, तर कोळसा आणि पेट्रोलियमचं! बागेतला माल इंधनात कसा, असं वाटून मला आधी हसू आलं होतं. पण आयर्लंडमध्ये पीट पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जळलंय.

खरी भीती जहाजाच्या पोटात आहे. सुट्या मालाचा आंतरराष्ट्रीय सागरी नियमसंग्रह २०११ पासून बंधनकारक झाला. त्यात पीट दोन्ही धोक्याच्या गटांत आहे. एक, ओलं पीट हेलकाव्यांनी पातळ होऊन वाहू शकतं. ८० टक्क्यांवर ओल असेल तर खास बांधणीचंच जहाज लागतं. दोन, ते बंद खणातला ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. वास नाही, धूर नाही, खाली उतरलेला माणूस सरळ कोसळतो. म्हणून हवा मोजल्याशिवाय त्या खणात कुणी उतरायचं नाही, शेजारच्या बंद जागेतही नाही.